व्याह्याचं डिझेल

१९८०च्या ऑक्टोबरात इराण आणि इराकनं एकमेकांच्या तेलाला आग लावली आणि बपेऱ्याजवळच्या सेवकरामचं, नदीचं पाणी वावरात उपसणारं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन बंद पडलं. पंपावर पंधरा दिवस टँकर नव्हता. धान निसवायला आलेला, आभाळ कोरडं. आठवड्याभरात पाणी मिळालं नाही तर लोंबी पोचट निघणार, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

नदीपलीकडे, मध्य प्रदेशात, व्याही तुलारामकडे डिझेलचं पिंप भरलेलं होतं. सेवकरामची लेक सत्यभामा त्याच घरात दिलेली. पण डिझेल राज्याबाहेर न्यायला बंदी होती आणि नाक्यावरचा जमादार बैलगाडीतलं तणससुद्धा काठीनं टोचून पाहत होता.

"इचारून त पाहा व्याह्याले," बायको केशरबाई म्हणाली.

"लेकीच्या घरचं पाणी पेत नाही मी. डिझेल घेऊ?"

"डिझेल तुम्ही पेता का इंजिन पेते?"

शेवटी तुलारामच नदी उतरून आला. "व्याहीबुवा, डिझेल येत नाही त इंजिन येऊ द्या. माह्या काठावर ठेवू, पाइप तुमच्या वावरात. जमादाराले इचारलं मी. पाण्याले बंदी नाही म्हणते."

सरकारची हरकत मिटली, सेवकरामची उरली.

"काठ तुमचा, डिझेल तुमचं, म्हंजे पाणीबी तुमचंच झालं."

"नदीचं हाय ना जी पाणी!"

"उपसून कोण राहिला?"

बोलणी तीन दिवस चालली. तुलारामनं डिझेल विकत देऊ केलं. व्याह्याशी व्यापार करणं सेवकरामला हलकं वाटलं. चौथ्या दिवशी तोड निघाली. इंजिन नदीच्या मधोमध, रेतीच्या बेटावर ठेवायचं. डिझेल तुलारामचं, पण ते इंजिन पिणार; तिथलं पाणी मात्र कोणाच्याच घरचं नाही. बैल जुंपून इंजिन बेटावर नेलं, तेव्हा जमादारानं अडवलं: बेट कोणत्या राज्याचं? इकडून तलाठी आला, तिकडून पटवारी. दोघांच्याही नकाशात बेटच नव्हतं. ते गेल्या वर्षीच्या पुरानं आणलेलं. दोघांनी चहा घेतला आणि वर लिहून कळवतो म्हणाले.

त्या संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, युद्धबंदीला दोन्ही देश तयार नाहीत.

"अडेल लेकाचे," सेवकराम म्हणाला आणि रेडिओ बंद केला.

बाराव्या दिवशी लोंब्या पांढऱ्या पडल्या. वरून उत्तर आलं नव्हतं. सेवकरामनं उभा धान कापला, गाडीत भरला आणि वैरण म्हणून तुलारामच्या बैलांना पोचता केला. लेकीच्या घरी द्यायला कसली मनाई? जमादारानंही हात हलवून गाडी सोडली.

"इज्जत त राहिली," घरी आल्यावर तो म्हणाला.

केशरबाईनं रिकामी कोठी वाकून पाहिली. "राहिली ना? मंग औंदा आंधणात काय टाकू, तेवढं सांगा."