एक कबर बाहेर

मिस्त्रीला लोक ओळंबा म्हणत, आणि त्याला त्याचा राग यायचा नाही, उलट आतून बरंच वाटायचं. कारण त्यानं उभी केलेली भिंत तीस वर्षांत कधी बोटभरही कलली नव्हती, आणि त्याचा उंच, सडपातळ देह पाहिला तरी हे नाव ठेवणाऱ्याला कुणी नावं ठेवली नसती. हिवाळ्याच्या शेवटी वादळात दफनभूमीतलं जुनं झाड आडवं झालं आणि पूर्वेकडच्या भिंतीचा चाळीस हातांचा तुकडा घेऊन पडलं, तेव्हा दुसऱ्या कुणाला बोलवायचा प्रश्नच आला नाही. मिस्त्री आला, त्यानं पडलेले दगड निवडून त्यांची रास लावली, आणि जुन्या पायाच्या रेषेवर दोरी बांधायला तो वाकला, तेव्हा मागून बाई आल्या.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. मिस्त्रीला त्यांनीच पाढे शिकवले होते आणि पाढे चुकले की पाठीत धपाटेही घातले होते, त्यामुळे पन्नाशी उलटली तरी त्यांच्यासमोर तो आपोआप सरळ उभा राहायचा. त्या दिवशी मात्र बाईंनाच त्याच्याशी बोलायला शब्द सापडत नव्हते. त्यांचा एकुलता एक मुलगा त्या भिंतीबाहेर, पाच पावलांवर होता. गेल्या वर्षी त्यानं आपल्या हातानं आपलं संपवलं, आणि अशा माणसाला आत जागा द्यायची नाही हा तिथला नियम भिंतीपेक्षा जुना होता. बाईंचं मागणं साधं होतं. भिंत पडलीच आहे, पुन्हा बांधायचीच आहे, तर थोडी पलीकडून घे.

मिस्त्री थोरल्यांकडे गेला. प्रार्थनाघराचा कारभार पाहणाऱ्या त्या वृद्धाला सगळे थोरलेच म्हणत, आणि ते कडक असले तरी दुष्ट नव्हते. आयुष्य आपल्याला सांभाळायला दिलेलं असतं, ते देणाऱ्याच्या तोंडावर फेकून आलेल्या माणसाला त्याच्याच अंगणात कसं निजवायचं, असं ते समजावून सांगत. त्या पोरावर माझा राग नाही, पण दार माझं नाही ना, असंही म्हणत. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. तापानं गेला असता तर तुम्ही त्याला आत घेतलं असतं; मनाच्या तापानं गेला तर बाहेर, हा कुठला न्याय? हे त्यांनी थोरल्यांना तोंडावर सुनावलं होतं, आणि थोरल्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. आता मिस्त्रीनं विचारलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, माझी नजर आता अधू झाली आहे, तुझी दोरी कुठून जाते ते मला काही दिसायचं नाही.

मिस्त्री इतक्या सहज तयार झाला याचं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याची बायको आत होती, फाटकापासून तिसऱ्या रांगेत. नऊ वर्षांपूर्वी ती पाय घसरून विहिरीत पडली असं त्यानं थोरल्यांना सांगितलं, आणि थोरल्यांनी स्वतः तिच्यासाठी प्रार्थना म्हटली. खरं तर तो तिथे सगळ्यांत आधी पोहोचला होता, आणि विहिरीच्या काठावर तिच्या चपला शेजारी शेजारी, नीट जुळवून ठेवलेल्या त्यानं पाहिल्या होत्या. माणसं यायच्या आत त्यानं त्यातली एक चप्पल पायानं लांब उडवली. तिनं केलं ते पाप की आणखी काही, हे त्याला कधीच ठरवता आलं नाही. त्याला राग होता तो वेगळाच. सकाळी तिनं त्याला चहा दिला होता, सदऱ्याचं तुटलेलं बटण लावून दिलं होतं, आणि एका शब्दानंही काही सांगितलं नव्हतं.

त्यानं दोरी बाईंच्या मुलाच्या कबरीपलीकडून घेतली, दिवसभर पाया खणला, दगडांचा पहिला थर बसवला आणि संध्याकाळी बाईंना हात धरून दाखवला. मुलाची कबर आत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा कबर बाहेर होती, पाच पावलांवर.

पहिल्यांदा त्याला स्वतःचंच हसू आलं. म्हातारा झालो, म्हणाला, दोरी जुन्याच रेषेवर बांधली असणार. पण पडलेल्या झाडाच्या बुंध्यापासून त्यानं अंतर मोजलं तर भिंत काल घातली होती तिथेच होती. मग बुंध्यापासून कबरीपर्यंत मोजलं, तर कबरही तसूभर हलली नव्हती. दोन्ही मापं बरोबर होती, आणि दोन्ही एकदम बरोबर असणं शक्य नव्हतं. त्यानं दगड उपसले आणि पाया आणखी दहा पावलं पलीकडे, शेताच्या कडेनं घातला. सकाळी कबर बाहेर होती. तिसऱ्या वेळी तो दिवसभर जागचा हलला नाही, जेवला नाही, दर थोड्या वेळानं मान वर करून कबर आत असल्याची खात्री करत राहिला, आणि घरी जाताना दहादा मागे वळून बघत गेला. चौथ्या सकाळी पुन्हा तेच, पाच पावलं.

बाई रोज दुपारी घडीची खुर्ची घेऊन येत आणि त्याचं काम बघत बसत. त्यांनी त्याला एकदाही दोष दिला नाही, आणि त्यामुळेच त्याला जास्त लाजल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी मात्र त्या शांतपणे म्हणाल्या, "मला त्याच्याशेजारी निजायचंय. तो आत येत नसेल तर मला बाहेर जावं लागेल. आणि बाहेर कुणाला ठेवतात ते तुला ठाऊक आहे."

बाई रागानं बोलल्या असत्या, रडल्या असत्या, तर मिस्त्रीनं समजूत घातली असती. पण त्या हिशेब सुटल्यासारख्या बोलल्या होत्या. तो धावत थोरल्यांकडे गेला. थोरल्यांनी ऐकलं, मी येऊन बसतो त्यांच्यापाशी, म्हणाले, बसलेही. पण त्यांनी तोंड उघडलं की बाई नम्रपणे मान डोलवत आणि नजर कबरीकडे वळवत. थोरले गेल्यावर मिस्त्री बाईंच्या पायाशी जमिनीवर बसला. आपण काय बोलणार आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं.

"बाई, माझी बायको पडली नव्हती," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. चपला, चहा, बटण, सगळं. नऊ वर्षांत एकदाही त्या दिवसाआधीच्या कुठल्याही दिवसाची आठवण सरळ येत नाही, प्रत्येक आठवणीत तो शोधत बसतो की हिनं तेव्हाच ठरवलं होतं का. तिच्या हसण्यावरही त्याचा आता विश्वास उरलेला नाही. मागे राहणाऱ्याचं असं होतं, तो म्हणाला, आणि तुम्ही गेलात तर मी दुसऱ्यांदा मागे राहीन; माझ्या अंगात आता तेवढं बळ नाही. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पाढे चुकल्यावर धपाटा घालून झाला की त्या ठेवत, तसाच. मग त्या म्हणाल्या की नाही जात, उद्या पुन्हा येते. त्यांनी शब्द दिला, आणि बाई शब्द मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मिस्त्रीला त्या संध्याकाळी नऊ वर्षांत प्रथमच हलकं वाटलं. जाण्याआधी त्यानं दोरी कबरीपलीकडे पुन्हा एकदा बांधली आणि हाताला येतील तेवढे दगड लावून टाकले.

सकाळी मुलाची कबर आत होती.

त्यानं दोनदा मोजलं, भिंतीवरून हात फिरवला, मग तिथेच बसून लहान मुलासारखा रडला. बाई आल्या तेव्हा त्याला बोलायची गरजच पडली नाही. त्या मुलाच्या कबरीपाशी टेकल्या, पदरानं तिच्यावरची माती सारखी करत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायला नको म्हणून मिस्त्रीनं पाठ फिरवली. तेव्हा त्याची नजर आदल्या संध्याकाळी रचलेल्या ठेंगण्या भिंतीवरून पलीकडे गेली.

बाहेर, पाच पावलांवर, एक कबर होती. तिच्यावर नऊ वर्षांचं गवत होतं आणि उशाला एक दगड होता, त्यानं स्वतः घडवलेला, त्यावर त्यानं स्वतः कोरलेलं नाव होतं. तो तिसऱ्या रांगेकडे पळत गेला. तिथे रांगेत कुठेही खंड नव्हता. डावीकडची कबर उजवीकडच्या कबरीला लागून होती, मध्ये कधी कुणी नव्हतंच अशी. तो परत आला, आणि भिंतीपाशी उभा राहून, जणू ऐकू जाईल अशा आवाजात, त्यानं बायकोला नावानं हाक मारली.

बाईंनी मान वर केली. त्यांनी भिंतीपलीकडचा दगड पाहिला, त्यावरचं नाव सावकाश वाचलं, आणि ते कुणाचं हे त्यांना कळलं, हे मिस्त्रीलाही कळलं. त्यानं घाईघाईनं दोरी उचलली. आणखी थोडी पलीकडून घेऊ, तो म्हणाला, दोघंही येतील, दिवसभराचंच काम आहे. आणि तो गाठ मारायला लागला. बाई उठल्या, आत आलेल्या मुलाच्या कबरीकडे एकदा वळून पाहत त्याच्याजवळ आल्या आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. त्यांची पकड घट्ट होती. डोळे भरून आले होते, आणि त्या डोळ्यांत त्याच्याविषयी खरंच फार माया होती.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "आता भिंत हलवू नकोस."