दुसरी प्रत

माशाच्या भ्रूणातलं एक जनुक बंद करून बिघाड दाखवला, तरच ताईंची नोकरी टिकणार होती. आजही पिल्लू धडधाकट निघालं.

“त्या जनुकाची दुसरी प्रत काम ओढतेय,” प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. “पाठीचा कणा असलेल्यांची घडण अशा जादा प्रतींवरच झाली. एक प्रत जुनं काम सांभाळते. दुसरी नवं शिकते, नाहीतर झिजून जाते.”

“आणि शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी?”

“तिला तुमचंच काम दिलंय.”

“मग मी नवं शिकते.”

“या वयात?” साहेब मायेनं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताई न कळवता घरी बसल्या. आपल्यावाचून तिथं काय बिघडतं ते पाहायला. संध्याकाळपर्यंत फोन वाजला नाही. बंद पडला असेल म्हणून त्यांनी उचलून पाहिला. फोन धडधाकट होता.