सहा वर्षं हात न लागलेली फाईल

माझ्या नवऱ्याला आवरण्याचा रोग आहे. वर्षभर एखाद्या वस्तूला हात लागला नाही, की ती ह्याच्या लेखी कचरा. माझा जाड कोट असाच गेला, आईने दिलेला तवा गेला. मी दातओठ खाऊन गप्प बसले. पदरी पडलं, पवित्र झालं. पण त्या मंगळवारी ह्याने आमचा सर्व्हर आवरला.

आमचं ऑफिस घराखालच्याच दोन खोल्यांत. तो पुलांचे आराखडे करतो आणि वाऱ्यात ते पूल किती हलतील, हे गणित मी मांडते. मागच्या खोलीत लिनक्सचं एक मशीन आहे, त्यावर माझं एक गणित सव्वीस दिवस चालू होतं. आणखी तीस तासांनी उत्तर येणार होतं आणि गुरुवारी अहवाल द्यायचा होता. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या अहवालावर माझी एकटीची सही असणार होती. आजवर गणित माझं आणि सही त्याची. वर "नाव घरातच राहतं ना," हे ऐकून घ्यायचं. डिस्क भरत आली होती, म्हणून गणित सुरू करतानाच मी मधे काही साठवायचं नाही असं लावून दिलं होतं. जे काही होतं ते मशीनच्या मेमरीत. मशीन बंद झालं, की सव्वीस दिवस पाण्यात.

डिस्क भरलीय, तुझे व्हिडिओ हलव, एवढंच मी त्याला म्हटलं होतं. ह्याने व्हिडिओ तसेच ठेवले. सिस्टिमच्या फायली तारखेप्रमाणे लावल्या आणि ज्यांना सहा वर्षं कुणी हात लावला नव्हता, त्या उडवल्या. अरे शहाण्या! त्यात सी लायब्ररी नावाची फाईल होती. मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम, अगदी फायलींची यादी दाखवणारासुद्धा, सुरू होताना आधी तिला हाक मारतो. तिला हात लागला नव्हता, कारण तिचं काम बिनबोभाट चाललं होतं.

सकाळी दहाला हा लॅपटॉप उघडाच धरून माझ्यापुढे आला. "अगं, काहीच चालेना. काहीही टाईप केलं तरी सापडत नाही म्हणतंय."

मी बघितलं. जे प्रोग्राम आधीपासून सुरू होते ते चालू होते. त्यांनी ती लायब्ररी उडायच्या आधीच धरून ठेवली होती. माझं गणितही त्यातलंच. नवीन मात्र काहीच सुरू होत नव्हतं. पुन्हा लॉगिनसुद्धा होणार नव्हतं. आता जे काय करायचं ते त्याच्या लॅपटॉपवर उघड्या असलेल्या, मशीनला जोडलेल्या हुकूम टाईप करायच्या त्या एका काळ्या खिडकीतून.

"बॅकअपची डिस्क कुठाय?"

"ती मागच्याच महिन्यात पुसली. एकाच गोष्टीच्या दोन-दोन कॉप्या कशाला?"

मी बोलले असते तर शेजारपाजार गोळा झाला असता.

"पेनड्राइव्ह लाव ना," तो म्हणाला. "बंद करून त्याच्यावरून चालू करायचं, फायली परत टाकायच्या. अर्ध्या तासाचं काम."

"तू बाजूला हो. कशालाही हात लावू नकोस. आणि ह्या लॅपटॉपचं झाकण पडलं ना, तर गाठ माझ्याशी आहे."

का, ते मी सांगितलं नाही. इतकी तळपायाची आग मस्तकात गेली होती, की त्याच्यावर आणखी एक शब्द खर्च करायची माझी इच्छा नव्हती.

नणंदेला फोन लावला. ताई एका छापखान्यात अशीच मशीनं सांभाळते, आणि तिच्याकडे लिनक्सची नेमकी आमचीच आवृत्ती होती. ऐकून ती आधी पोटभर हसली. "शेंडेफळ आहे ते आमचं. लहानपणी ह्याने बाबांचा चष्मा फेकला होता, जुना दिसतो म्हणून." मग तिचा आवाज बदलला. "तुझं गणित चालू आहे ना गं अजून?"

"आहे. म्हणून तर बंद करायचं नाही."

तिने एक छोटा प्रोग्राम शोधला, ज्याला कुठलीच लायब्ररी लागत नाही. पण तो माझ्या मशीनवर आणायचा कसा? फाईल उतरवून घेणारे सगळे प्रोग्राम मेलेले. ती काळी खिडकी स्वतःच्या बळावर फक्त अक्षरं लिहू शकत होती. म्हणून ताईने तो प्रोग्राम आकड्यांत मोडला, त्याचे एकशे ऐंशी तुकडे केले आणि मेलने पाठवत राहिली. मी एकेक तुकडा खिडकीत चिकटवायचा आणि डिस्कवर लिहायचा. तोही नव्या फाईलमध्ये नाही, कारण नव्या फाईलला चालायची परवानगी देणारा प्रोग्रामही मेलेला. म्हणून कॅलेंडर दाखवणाऱ्या प्रोग्रामचा बळी दिला आणि त्याच्याच जागी हा लिहीत गेले. एक तुकडा चुकला, सत्तरावा. पुन्हा पहिल्यापासून. मी रडले, डोळे पुसले, पहिला तुकडा चिकटवला. नवरा दोनदा चहा ठेवून गेला. चहा गार झाला.

पावणेपाचला तो प्रोग्राम चालला. त्याच्याकरवी ताईकडून लायब्ररी आणि उडवलेल्या बाकीच्या फायली आणल्या, जागेवर ठेवल्या आणि यादी मागितली. सगळ्या फायलींची नावं भराभर पडद्यावर उतरली. गणित बघितलं. चालू! तेवीस तास उरले होते. माझा जीव भांड्यात पडला. ताई फोनवर ओरडली, "अगं, तू बाई नाहीस, भूत आहेस!"

"झालं दुरुस्त," मी नवऱ्याला म्हटलं. माझा रागही जरा उतरला होता. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, म्हणून वर गेले आणि उभ्याउभ्याच पोळीचे चार घास खाल्ले.

खाली आले तर हा मागच्या खोलीत, मशीनसमोर, हाताची घडी घालून उभा. चेहऱ्यावर असा आनंद, की विचारू नका.

"एकदा बंद करून चालू केलं," तो म्हणाला. "नुसतं दुरुस्त झालं म्हणून कसं चालेल, परत उठतंय का ते बघायला नको? झकास उठलं. मानलं तुला!"

"आणि गणित?"

"कसलं गणित?"

सव्वीस दिवस जेवताना मी ह्या माणसाच्या समोर बसून सांगत होते. आज इतकं झालं, आज इतकं उरलं, वाऱ्याचा अमुक वेग लागला, पूल तिथे जास्त हलतोय. हा ताटात बघून "हं" म्हणायचा, आणि मी समजत होते की ऐकतोय. त्या दिवशी मशीन का बंद करायचं नाही, तेवढं मी सांगितलं नव्हतं, हेही खरं. खाली बसायला खुर्ची होती, पण मला ती दिसलीच नाही. मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि सांगितलं. सगळं, पहिल्या दिवसापासून. ह्या वेळी त्याने नीट ऐकलं.

"अगं, मग आधी सांगायचंस ना," तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं. मग जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुवारचं टेन्शन घेऊ नकोस. जुन्या ठोकताळ्यांनी अहवाल मी करून टाकतो. सही मी करतो."