रेडिएटरमधली हवा

"वाटी जरा वर धरा, आई," असं म्हणत रुपेशने रेडिएटरच्या कडेच्या बारीक स्क्रूवर पितळी चावी बसवली आणि हलकेच फिरवली. फुस्स करून हवा निघाली. सुधाताई वाटी धरून वाकून उभ्या होत्या. हवेमागून एकदोन पिचकाऱ्या उडाल्या, मग काळसर पाण्याची सलग धार लागली, तशी त्याने चावी उलटी फिरवली.

जर्मनीत कायझर्सलाउटर्नला लेकीजावयाकडे येऊन त्यांना पंधरवडा होत आला होता. त्यांच्या खोलीतला रेडिएटर पहिल्या दिवसापासून खाली कोमट आणि वर गार. स्वेटरवर शाल, शालीवर दुलई घेऊनही पाय गरम होईनात, तेव्हा काल जेवताना त्यांनी परतीचं तिकीट आधीचं करून द्यायला सांगितलं. मैथिलीने 'बघते' म्हटलं. रुपेशने मात्र आज सुट्टी बघून ही चावी शोधून काढली.

तळमजल्यापासून एकेक खोली उरकत ते वर आले. रुपेश मुळात अबोल; फोनवर 'कशा आहात'च्या पुढे त्याची गाडी कधी गेली नव्हती. आज मात्र तो मोकळेपणाने समजावत होता. तळघरातला बॉयलर पाणी तापवतो, पंप ते वर ढकलतो, खोलीखोलीत ऊब सोडून ते दुसऱ्या पाइपने खाली परततं. सुधाताईंना वाटायचं, हे पाणी सांडपाण्यात जात असेल. तो हसला. तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं, म्हणून तर असं काळं, म्हणाला. वर हवा साठली की पाण्याला तिथवर पोचताच येत नाही.

शेवटी राहिली त्यांची खोली. ही पाहुण्यांची, एरवी बंदच असते, असं मैथिलीने आल्या दिवशी सांगितलं होतं. इथे हवा बराच वेळ येत राहिली. मग पाणी आलं आणि थोड्या वेळाने रेडिएटरचा माथाही तापला. सुधाताईंनी त्यावर दोन्ही तळवे टेकवले.

"आता रात्रीची गुडगुड थांबेल," रुपेश खाली सांडलेलं पाणी पुसत म्हणाला. "पहाटेची टकटक मात्र राहणार. रात्री बॉयलर मंद असतो ना, पहाटे पुन्हा चढला की पाइप तापून ताणला जातो. सुरुवातीला झोपमोड होते. उशी खिडकीकडे केली की एवढं ऐकू येत नाही. मी तर—"

तो थांबला. खिशात चावी चाचपू लागला. चावी हातातच होती.

सुधाताईंनी पलंगाकडे पाहिलं. उशी खिडकीकडेच होती. त्या आल्या तेव्हाही तशीच होती.

"आल्झो... बरं, खाली जाऊन पाण्याचा दाब बघतो," तो म्हणाला. "थोडं पाणी भरावं लागेल."

त्याची पावलं जिन्यात विरेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. म्हणजे ही खोली बंद नसायची. त्या आल्या म्हणून रुपेश इथून उठून मैथिलीच्या खोलीत गेला होता. रात्री पलीकडून बोलण्याचा आवाज येत नाही, तो दोघं दमून येतात म्हणून, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

स्वयंपाकघरात मैथिली पोळ्या करत होती.

"झाली का खोली गरम?" तिने मागे न बघता विचारलं. "की तिकिटाचं बघू?"

सुधाताईंनी तिच्या हातातलं लाटणं घेतलं. रुपेश तळघरातून वर येऊन दारात हात पुसत उभा होता.

"तिकीट राहू दे," त्या म्हणाल्या. "पाडव्यापर्यंत राहीन म्हणते. तुमची अडचण होणार नसेल तर."

मैथिलीने रुपेशकडे पाहिलं. त्यानेही नजर वळवली नाही.

"अडचण कसली," दोघंही एकदमच म्हणाले.

सुधाताईंनी मान वर केली नाही. त्या पोळी लाटत राहिल्या.