सशाला पाजलेली निवळी

तुम्हाला सांगते, भोकरात आमच्या गल्लीत कुणाचं वासरू दूध पीना झालं, कुणाची म्हैस अडली, की पहिली हाक मला येती. गुणाबाई, धावा! म्हणून शेजारचा सलीम बायको-लेकरं घेऊन आठ दिवस लातूरला लग्नाला निघाला, तवा त्याच्या अलीझानं आपला ससा माझ्याच मांडीवर आणून ठिवला. नऊ वर्षांची पोर, पण लई कडक. मखमलला दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई. म्हणली, "आजी, तुम्ही हाव म्हणून जाऊन राहिले, न्हाईतर गेलेच नसते."

सहाव्या दिवशी सकाळी बघते तर मखमल पाठ वर काढून, मागचे पाय फाकवून नुसता जोर लावून राहिला. लघवी न्हाई. लई येळानं एक थेंब आला, तोबी पांढरा, घट्ट, खळीसारखा. अन् दात करकर वाजवून राहिला. जनावराचं मुतणं तटलं की गाठ यमाशी, हे मला कुणी शिकवाया नको.

दुरडीत टॉवेल अंथरला, त्याला ठिवलं अन् नांदेडची एसटी धरली. कंडक्टर म्हणतो, "मावशी, कोंबडीचं तिकीट लागंल." म्या म्हणलं, "डोळे फुटले का तुझे? ससा हाय. आधी गाडी हाणाया सांग, तिकीट काय पळून चाललं?"

दवाखान्यात डॉक्टर कोण, तर तनुजा नावाची बारकी पोरगी. मनगटं उलथन्याच्या दांड्याएवढी. म्या मनात म्हणलं, झालं! ही काय डोंबल करणार? तिनं मात्र सशाला टेबलावर घेतलंच न्हाई. माझ्या मांडीवरच तपासला. गुळगुळीत टेबलावर भ्यालेला ससा उडी मारून कंबर मोडून घेतो, म्हणली. हे मला पटलं.

"खायला काय देता, आजी?"

"म्हशीसाठी लावलेला लसूणघास."

"अजून?"

"अजून काय? कायबी न्हाई."

खोटं बोलले. धडधडीत खोटं.

तिनं एक्स-रे काढला अन् मला पडद्यावर दाखवला. सशाच्या ओटीपोटात पांढराफेक गोळा. म्हणली, "आजी, ही लघवीची पिशवी. चुन्यानं गच्च भरलीय. नुसत्या घासानं सहा दिवसांत एवढं होत न्हाई. पाण्यातून काही गेलं असंल, तर मी दाबून काढीन. आतूनच बिघाड असंल, तर पोट उघडून बघावं लागंल. सशाला ते सोसंलच, असं न्हाई."

आवाजात राग न्हाई, काय न्हाई. बाहेर बाकावरची कुत्र्यामांजरांची माणसं कान टवकारून बसलेली. माझा जन्म गेला, पण 'माझं चुकलं' असं म्या नवऱ्यालाबी कधी म्हणलं न्हाई. पण माझी अब्रू राखाया त्या मुक्या जीवाचं पोट फाडायचं?

"चुन्याची निवळी पाजली, बाई," म्या बोलून टाकलं. "रोज सकाळी. चुना भिजवायचा अन् वरचं पाणी द्यायचं. मागचे पाय लुळे वाटले, म्हणलं हाडं बळकट होतील. वासरांना देते. सुनांनाबी दिली बाळंतपणात."

वाटलं, आता ही शिकलेली पोर मला सोलून काढंल. ती म्हणली, "बाकीच्यांचं अंग लागंल तेवढाच चुना घेतं. ससा मिळंल तेवढा सगळा रक्तात ओढतो अन् लघवीवाटं टाकतो. तुम्हाला हे कोण सांगणार, आजी? मलाबी कॉलेजात गेल्यावरच कळलं."

मग तिनं त्याच्या कातडीखाली सलाईन सोडलं, दुखणं थांबायची अन् गुंगीची सुई दिली. ससा गुंगीत गेल्यावर पोटाखाली दोन बोटं घातली. म्या चाळीस वर्षं अडलेल्या म्हशी सोडवल्यात. कुणाच्या हातात गुण हाय, ते मला लांबून कळतं. घाई न्हाई, धसमुसळेपणा न्हाई. दाबायची, थांबायची, त्याचा श्वास बघायची, परत दाबायची. एवढा सबूर हात म्या जन्मात बघितला न्हाई. अन् याच मनगटांना म्या नावं ठिवली व्हती! अर्ध्या तासानं पांढरी खळ भळाभळा बाहेर आली, अन् मागून पिवळं पाणी. "शाब्बास गं माझ्या वाघिणी!" म्या वरडलेच. तिच्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. ती लाजली.

"आता घास बंद," ती म्हणली. "वाळलं गवत अन् साधं पाणी. परवा परत दाखवा."

तेवढ्यात फोन वाजला. अलीझा. "आजी, मखमल काय करून राहिला?"

मजेत हाय म्हणून मोकळं व्हायला काय लागत व्हतं? पोर शंभर कोसावर. तिला कोण सांगाया जाणार? पण जीभ रेटंना. म्या सगळं सांगितलं. निवळी, दवाखाना, समदं. "माझं चुकलं, माय. माझ्याच हातानं त्याला दुखणं आलं."

फोनमधी नुसती लग्नाची गडबड ऐकू येत व्हती. मग पोर म्हणली, "आता मुतला का?"

"मुतला, माय. पोटभर."

"आजी, अब्बा अजून दोन दिवस थांबू म्हणून राहिले. मी नको म्हणून रडत होते." मग म्हणली, "आता थांबते. मखमल तुमच्याकडंच राहू द्या."

फोन ठिवला अन् त्या कुत्र्यामांजरांसमोर ढसाढसा रडले.