वाटणीचं झाकण

खालचीने स्टीलचं ताट काचेच्या भांड्यावर आपटलं, आणि आपटल्यावर स्वतःच दचकून भांड्याची कड बोटाने चाचपून पाहिली. कड शाबूत होती. ताट मात्र नेहमीसारखं एका बाजूला घसरलं आणि दुसऱ्या बाजूला बोटभर फट राहिली. आता या फटीतून सगळी वाफ निघून जाणार, वरचा फ्लॉवर कोरडाठाक राहणार आणि खालचा दुधातला बटाटा बुडाला चिकटून बसणार. कालही करून पाहिलं तेव्हा नेमकं हेच झालं होतं.

"बसली आहे माझं झाकण उराशी धरून," ती म्हणाली. "लाज कशी वाटत नाही माणसाला!"

हे ती सिंकवरच्या खिडकीकडे तोंड करून म्हणाली. ती खिडकी डक्टमध्ये उघडायची. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकीही त्याच डक्टमध्ये उघडायची, त्यामुळे खालचे वास आणि खालचीचं बोलणं दोन्ही विनासायास वर पोचत. वरून उत्तर कधीच येत नसे. फार तर नळ बंद केल्याचा आवाज येई, आणि तेवढ्याने खालचीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. भांडायचं तर समोरच्याने निदान तोंड तरी उघडायला हवं.

खालची आणि वरची या सख्ख्या जावा. दोघींना आईबापांनी ठेवलेली चांगली नावं होती, पण घर वेगळं झाल्यापासून इमारतीत त्यांना याच नावांनी ओळखत. दोघींच्या नवऱ्यांचं फ्रेमांचं दुकान होतं. काच कापण्यात दोघे भाऊ असे वाकबगार, की हिऱ्याने एकदा रेघ ओढली की काचेचे सरळ दोन तुकडे. दुकानावर नाव कोणाचं, यावरून एकदा त्यांची जुंपली, शब्दाने शब्द वाढला आणि दुकानात भिंत पडली. मग घरातल्या सामानावरही तशीच रेघ ओढली गेली. पाहुण्यांसाठी ठेवलेले सहा काचेचे पेले तीन खाली, तीन वर असे गेले. आणि ओव्हनचं ते मोठं काचेचं भांडं, ज्यात दोघी जावा मिळून इतकी वर्षं सगळ्या घराला करून घालत होत्या, ते वाटायची वेळ आली तेव्हा खालचीच म्हणाली होती, "भांडं एक, झाकण एक. नग दोन झाले. एक तुमचा, एक माझा."

वरची तेव्हा नुसती तिच्याकडे पाहत राहिली होती. "अगं, वेडी आहेस का? घेऊन जा दोन्ही," एवढं ती म्हणेल, याची खालचीने वाट पाहिली होती. ती म्हणाली नाही. त्याला आता बारा वर्षं होत आली, आणि खालचीचा राग अजून सकाळच्या दुधासारखा ताजा होता, रोज नवा तापवलेला.

"आई, हळू ना," तिची लेक म्हणाली. ती टेबलावर रुमालांच्या घड्या घालत बसली होती. "खिडकी उघडी आहे."

"उघडीच राहू दे! कोणाची चोरी आहे का? चोर वर बसलेत."

लेकीने मान खाली घातली. संध्याकाळी तिच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार होती. मुलगा तिचा तिनेच पाहिला होता, आणि त्याच्या आईने फोनवर मोठ्या हौसेने सांगितलं होतं, "बाकी काही करत बसू नका हं, पण ते काचेच्या भांड्यातलं तेवढं करा. तुमची मुलगी त्याच्याबद्दल इतकं सांगते, की आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ झालंय." म्हणजे आज ते बिघडून चालणार नव्हतं. आज लेकीची आई कशी आहे, हे ती बाई त्या भांड्यात पाहणार होती.

आणि पाहुणे होते चार. पेले होते तीन.

"एकाला स्टीलचा देऊ," लेक म्हणाली.

"कोणाला? तुझ्या सासूला? का सासऱ्याला? का सगळ्यांना स्टीलचे देऊन तेवढ्यापुरतं मोकळं व्हायचं? म्हणजे त्या घरी गेल्यावर जन्मभर ऐकशील, माहेरी चार पेले नव्हते म्हणून."

"नवीन आणते मग बाजारातून."

"का आणायचे? आपले आहेत की! वर आहेत!" तिने छताकडे बोट दाखवलं. "दाखवायच्या कपाटात रांगेने मांडून ठेवले असतील. त्यात पाणी प्यायला तिच्याकडे कुत्रं तरी येतं का?"

लेक उजव्या हाताचा तळवा डाव्या अंगठ्याने चोळत राहिली. तिची ही लहानपणापासूनची सवय. तळव्यावर आडवी पांढरट खूण होती, चौथीत असताना जिन्याच्या कठड्याचा पत्रा लागला होता त्याची.

"आई, झाकण त्यांच्याकडे नसेलही आता," ती म्हणाली.

"नसायला काय झालं? त्याला पाय फुटले?"

"इतकी वर्षं झाली. काच आहे शेवटी."

"माझं भांडं नाही का टिकलं? मी जपलं. ओल्या ओट्यावर कधी ठेवलं नाही, गरम असताना पाणी लावू दिलं नाही, तुझ्या बापाला हात लावू दिला नाही. झाकण फोडायला काय ते रोज घेऊन नाचतात?" खालचीने ओव्हनचं दार उघडून भांडं आत सरकवलं. ताट पुन्हा घसरून जाळीवर खणकन वाजलं. तिने हात भाजून घेत ते सरळ केलं, दार लावलं आणि कमरेचा नॅपकिन हातातच घट्ट पिळला. "बस झालं. मी वर जाते."

"आई, नको. मी जाते."

"तू इथेच थांब. लक्ष ठेव त्याच्याकडे."

"आई, ऐक ना माझं—"

पण खालची दारातून बाहेर पडलीसुद्धा. जिना चढताना तिने बोलायचं सगळं मनात रचून घेतलं. एक संध्याकाळ द्या म्हणावं. तारण म्हणून माझं मंगळसूत्र ठेवून घ्या म्हणावं. पोरीला अंगाखांद्यावर खेळवलंत ना, मग तिच्या सासूसमोर आमची शोभा होऊ द्यायची नसेल तर द्या, आणि बघायचीच असेल तर तसं तोंडावर सांगा. शेवटच्या पायरीपर्यंत तिचा श्वास लागला होता आणि वाक्यं अधिकच धारदार झाली होती.

वरचीचं दार उघडंच होतं. ती खिडकीपाशी शिवणयंत्रावर वाकून बसली होती. चार घरचं शिवणकाम करायची. केस पार पांढरे झाले होते. जिन्यात समोरासमोर आल्या तरी खालची भिंतीकडे पाहत निघून जायची, त्यामुळे ते केस तिने आज पहिल्यांदाच पाहिले. त्याचाही तिला राग आला.

"झाकण द्या," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. रचलेलं सगळं जिन्यातच सांडलं होतं.

वरचीने मान वर केली. आश्चर्य वाटल्याचं काही दाखवलं नाही. "आत ये," ती म्हणाली.

"मी बसायला आलेली नाही. आज पाहुणे आहेत. मला माझ्या भांड्याचं झाकण हवंय. उद्या सकाळी घासूनपुसून परत मिळेल."

"झाकण नाही गं माझ्याकडे."

"खोटं!"

खालची आत शिरली. परवानगी वगैरे कुठली. एके काळी, दोन्ही मजले मिळून एकच घर असताना, इथली ओटे-कपाटं तिनेच पुसली होती. तिने भिंतीतलं कपाट उघडलं. तीन पेले होते, धुतलेले, उपडे, खाली स्वच्छ कागद. दुसरं दार उघडलं. वाट्या, डबे, एक चहाची किटली. तिसऱ्यात कापडाचे गठ्ठे. वरचीने तिला अडवलं नाही. ती आपली हातातल्या शिवणीवर काहीतरी घासत होती, शिवण बसावी म्हणून, पुढे आणि मागे.

खालचीने वळून पाहिलं आणि तिचा हात कपाटाच्या दारावरच राहिला.

वरचीच्या चिमटीत काचेची मूठ होती. जाड, गोल, आत एक इवलासा बुडबुडा. तो बुडबुडा खालचीने कुठेही ओळखला असता. नवी नवरी म्हणून आली तेव्हा या घरात सगळ्यात आधी तिने झाकणाची ती मूठ धरली होती. मुठीच्या खालची काच घासून गुळगुळीत केलेली दिसत होती, दुकानातल्या घासणीच्या दगडावर करतात तशी.

"फोडलंत," ती म्हणाली. आवाज आधी बारीक निघाला, मग चढला. "फोडलंत माझं झाकण! आणि बारा वर्षं मी खाली ताटं-पराती ठेवत बसले, आणि तुम्ही तोंडातून चकार शब्द काढला नाहीत?"

"फुटलं खरं."

"केव्हा?"

"त्याच दिवशी."

"कसं फुटलं?"

"जिन्यात पडलं." वरचीने दोरा दातांनी तोडला. "माझ्या हातून."

"तुमच्या हातून! जिन्यात!" खालचीला हसूच फुटलं, रागाचं. "तुम्ही कुठे आला होतात जिन्यात त्या दिवशी? दार लावून बसला होतात. मीच पाठवलं झाकण वर. मी धुतलं, आणि—"

ती थांबली.

तिने ते धुतलं होतं. पुसलं नव्हतं. पुसण्याएवढा धीर तिला त्या दिवशी नव्हता. साबणाचं पाणी गळत असलेलं ते जड झाकण तिने समोर उभ्या असलेल्या पोरीच्या इवल्या हातांत कोंबलं होतं आणि म्हटलं होतं, "जा, देऊन ये तुझ्या काकूला तिची वाटणी." पोरगी परत आली ती हाताला चिंधी बांधून. पांढरी, स्वच्छ, नीट चार वेढे आणि वर बारीक टाके घालून बसवलेली. कठड्याचा पत्रा लागला, म्हणाली. दुसऱ्या दिवशी खालचीने डक्टमधून त्या कठड्यावरूनही वरचीला शिव्या घातल्या होत्या.

"पोरीच्या हातून फुटलं," ती म्हणाली.

वरची शिवण उलटून पाहू लागली.

"मला सांगायचं होतंत!"

"त्या दिवशी?" वरचीने आता तिच्याकडे सरळ पाहिलं. "तू शुद्धीत होतीस का गं त्या दिवशी? पोर हातातलं रक्त सोडून तुझ्या नावाने थरथरत होती. आई मारेल, आई मारेल, एवढंच. मी म्हटलं, सांगू नकोस. मी सांभाळते."

"मग नंतर! नंतर सांगायचं! मी इतकी वर्षं तुम्हाला चोर म्हणाले. सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाले. तुम्ही ऐकून कसं घेतलंत?"

"नळ बंद करून ऐकायचे," वरची म्हणाली. "नाहीतर पाण्याच्या आवाजात निम्मं कळायचं नाही."

खालचीला तिचा गळा धरावासा वाटला. बारा वर्षं जपून ठेवलेला राग हातात होता आणि तो ठेवायला जागा उरली नव्हती. वरचीवर नाही, पोरीवर नाही. जिथे तो ठेवायला हवा होता तिथे बघण्याची तिची तयारी होईना. तिने नॅपकिनने खसाखसा तोंड पुसलं.

डक्टमधून वास वर आला. वरचीने नाक वर केलं.

"दूध लागतंय बघ तुझं," ती म्हणाली. "वाफ बाहेर पडतेय. नुसतं ताट ठेवलंस ना? कडेला कणीक लाव सगळीकडून, म्हणजे हलणार नाही. लवकर लावलीस तर सुधारेल अजून."

"मला शिकवू नका!" खालची ओरडली. ती तरातरा दारापर्यंत गेली, उंबऱ्यावर थांबली, आणि पाठमोरीच म्हणाली, "माझे हात भाजलेत. मला नाही लावता येणार कणीक. खाली या आणि लावा. बघताय काय, ताई?"

उत्तराची वाट न पाहता ती जिना उतरू लागली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मधल्या वळणावर लेक उभी होती. सगळं ऐकलं असावं. चेहरा पांढराफटक पडला होता. एवढी मोठी झालेली, आज सासर घरी येणार असलेली मुलगी, पण आईला उतरताना पाहून तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

खालची तिच्यासमोर थांबली. लेकीचा उजवा हात तिने ओढून पुढे घेतला, बोटं उघडली आणि त्या खुणेकडे पाहत राहिली. मधल्या वेळात भाज्या धुतलेला तो हात अजून ओला होता.

"ओल्या हाताने काच धरायची नसते," ती रागानेच म्हणाली. "कोणी शिकवलं नाही का तुला?"

खालचीने कमरेचा नॅपकिन काढला आणि तिचा तळवा पुसला, मग एकेक बोट, मग बोटांच्या मधली जागा. मग दुसरा हात घेतला आणि तोही तसाच पुसला, पार कोरडा होईपर्यंत.

"आता वर जा," ती म्हणाली. "काकूकडून पेले घे. तिन्ही आण. सावकाश उतर."