पातेल्यावरचं नाव

टेंभुर्णीच्या बाजारातून बैलगाडी भरून भांडी आली, तेव्हा सगळं गाव मारुतीच्या देवळापुढं जमलं. हंडे, पराती, शंभर माणसांचा भात शिजेल अशी पितळी पातेली! सन पंचाहत्तरचा उन्हाळा. गावच्या तरुण मंडळाला सरकारी अनुदान मिळालं होतं, आणि त्याचं काय करायचं हे पोरांनीच ठरवलं होतं. लग्नासाठी भांडी भाड्यानं आणायची कटकट एकदाची सुटली.

मंडळाचा सेक्रेटरी मानसिंग सोलापूरला कॉलेजात शिकलेला. प्रत्येक भांड्यावर 'समस्त गावकरी' असं नाव त्यानंच घालून घेतलं. अनुदानाच्या अर्जावर सगळ्या समाजांच्या पोरांच्या सह्या लागत होत्या. खालच्या बौद्धवस्तीतल्या रामहरीचीही होती. बैठक देवळात, म्हणून अर्ज बाहेर पायरीशी नेऊन त्याची सही घेतली होती. यात काही वावगं आहे असं मानसिंगलासुद्धा वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी रामहरी त्याच पायरीशी आला. म्हणाला, "सोमवारी भैनीचं लगीन हाय. दोन पातेली आन येक हंडा पायजे."

पोरं एकमेकांकडं बघू लागली. एकजण पुटपुटला, "आमचं कायबी न्हाय रं. पन म्हातारी मानसं मग त्या भांड्यातलं खायची न्हाईत."

साप मरावा आणि काठीही मोडू नये, अशी तोड मानसिंगनं काढली. "शिल्लक पैशात वस्तीला दोन येगळी पातेली घिऊ. कायमची तुमचीच!" आणि स्वतःवर तो खूशही झाला. असल्या शहाणपणाची मला भारी चीड आहे. उघड नकार निदान तोंडावर तरी येतो.

"येगळी भांडी पिढ्यान् पिढ्या हायत की आमच्याकडं," रामहरी शांतपणे म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. त्या भांड्यांवरचं नाव तेवढं घासून टाका. आन लग्नाला या."

सोमवारी मानसिंग आहेर घेऊन गेला. वस्तीतली भांडी पुरली नव्हती, म्हणून डाळ रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत शिजली होती. वऱ्हाडी दोन घास खाऊन उठत होते, आणि नवरी मान खाली घालून बसली होती. मानसिंगच्या पहिल्याच घासाला रॉकेलचा वास आला. रामहरीची आई केराबाई पुढ्यात उभी होती.

"गोड मानून घ्या, बाबा. राखंनं चार येळा घासलं मी डबं."

त्यानं पान चाटूनपुसून संपवलं. लाजेनं त्याला वर बघवेना.

दुसऱ्या सकाळी लोहाराची कानस घेऊन तो देवळाच्या पायरीवर बसला आणि पातेलं घासू लागला. त्याचे वडील कोंडीबा धावत आले.

"आरं, खूळ लागलं का? नव्या भांड्याची माती करतुस!"

"आबा, खोटं लिवलंय ह्याच्यावर. म्याच लिवलंय."

"आन सायब तपासाया आला म्हंजी?"

"त्याला सांगीन, आमचं गाव अजून समस्त झालं न्हाय. केराबाईच्या चुलीवर ही चढतील, तवा परत नाव घालू."

दुपारपर्यंत तीन पातेल्यांवरचं नाव गेलं. मंडळातली पोरं लांबून बघत राहिली. त्याच्या हातातली कानस हिसकायला कुणी आलं नाही. 'चल, भांडी वस्तीत पोचवू' असं म्हणायलाही कुणी आलं नाही.

वाचकहो, तुमच्या गावच्या भांड्यांवर काय लिहिलंय? आणि ते खरं आहे का?